तिसऱ्या कलमातलं दुमत

भूपालअण्णा चौगुल्यांनी उभ्या आयुष्यात लोकांची सहाशेच्या वर मृत्युपत्रं लिहिली, आणि त्यांतलं एकही कोर्टात आडवं झालं नाही. तासगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर, कडुलिंबाच्या सावलीला पत्र्याच्या टपरीत बसणारा दस्तलेखक, एवढीच त्यांची ओळख. पण सांगलीचे वकीलसुद्धा पक्षकाराला सांगत, "मृत्युपत्र ना? चौगुल्यांकडून लिहून आणा, मी नुसती नजर टाकतो."

त्यांची रीत ठरलेली. माणूस समोर बसला की पेनाचं टोपण काढायचं नाही. आधी चहा. मग "मुलं किती?" आणि थोडं थांबून, "मुली किती?" हा दुसरा प्रश्न निराळा विचारावा लागे, कारण पहिल्याच्या उत्तरात मुली मोजायची आपल्याकडे वहिवाट नाही. मग एकेक खुंटा हलवून बघायचा. ज्याला देताय तो तुमच्या आधी गेला तर पुढं कुणाला? यादीत लिहायची राहिली ती चीजवस्त कुणाची? साक्षीदाराला काही मिळत नाही ना, त्याच्या बायकोलाही? "आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा तरणा घ्या," ते सांगत, "तुमच्या आधी तोच गेला तर साक्षीला त्याला कुठनं बोलवायचं?" माणूस हसे, आणि हसता हसता मरणाची गोष्ट त्याच्या अंगवळणी पडे. एक गोष्ट मात्र ते कुणाला लिहू देत नसत. ती म्हणजे कारण. थोरल्याला जास्त का, धाकटीला कमी का, हे कागदावर नको. "कारण लिहिलं की ते खोडायला वकील उभा राहतो. दिलं म्हणा, पुरे."

शहात्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र लिहायला घेतलं, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आतल्या खोलीत गेल्यावर आपण कशाला आलो हे आठवेना, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन परत जाऊ लागलं, तेव्हा मुलानं, सम्मेदनं, त्यांना मिरजेला नेलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून मिटत चालल्या होत्या. "हे वर्ष चांगलं जाईल," डॉक्टर म्हणाले, "पुढच्याचं सांगता येत नाही. कागदपत्रं काय असतील ती उरकून घ्या." अण्णांना वाक्य आवडलं. मोजकं होतं, आणि त्यात कारण नव्हतं.

बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी सन्मती पुण्यात, मुलगा इथं. अण्णांनी अकरा कलमं लिहिली. तासगावचं घर आणि बाजारातला गाळा सन्मतीला. मणेराजुरीच्या शिवारातली गट नंबर ४१२ ची चार एकर द्राक्षबाग, विहीर आणि बेदाण्याची शेड सम्मेदला. दोघांनाही ते आधी सांगितलं, दोघांनीही मान डोलावली. चिरेबंदी काम झालं. राहिली ती मनोमुद्रा.

मनोमुद्रेचं यंत्र येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते मुळात फेफरं येणाऱ्या रोग्यांसाठी बनलेलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा सूक्ष्म वीज वाहते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व आलंच. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ते कोट्यवधी पटींनी दुबळं, पण असतं. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ भरलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या डोक्याभोवती लावल्या की त्यांना ही कुजबुज ऐकू येते. आता, 'चहात दोन चमचे साखर घातली' हे वाक्य ऐकताना मेंदू स्वस्थ असतो. 'चहात दोन चमचे वाळू घातली' म्हटलं, की 'वाळू' या शब्दामागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या आत, एक लाट उसळते. हे माझ्याजवळच्या माहितीशी जुळत नाही, असं मेंदू म्हणतो. जिभेला कळायच्या आधी म्हणतो. एवढं ज्ञान जुनंच होतं. नवं इतकंच झालं, की माणूस स्वतःविषयीचं वाक्य स्वतःच्या आवाजात वाचत असताना ती लाट नेमकी कुठल्या शब्दावर उठली हे टिपता येऊ लागलं.

यंत्राला खरं-खोटं कळत नाही. बोलणारा स्वतःशी सहमत आहे का, तेवढं कळतं. सहमत असला तर कलमापुढं 'एकमत' उमटतं, नसला तर 'दुमत'. कायदा करणाऱ्यांना हे फार सोयीचं वाटलं. मृत्युपत्रावरचे सगळे खटले शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबत, की म्हाताऱ्यानं हे मनापासून लिहिलं होतं का? आणि उत्तर द्यायला म्हातारा नसे. आता तो नसला तरी त्याची मुद्रा असे. सगळी कलमं एकमताची असली तर आठवड्याभरात प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मंजुरी. दुमत असलं तर मृत्युपत्र बाद होत नसे, पण जुन्या वाटेनं जाई. साक्षी, हरकती, तारखा, आणि वारसांचे पांढरे होत जाणारे केस.

तासगावचं मनोमुद्रा केंद्र एका जुन्या गोदामाच्या माडीवर होतं. मुद्रा अधिकारी रेहाना मुजावर, तिशीची, गोड बोलणारी आणि नियमाला कडक.

"काका, कवळी काढा. चष्मापण. करदोट्याला किल्ली आहे का?"

"आहे. ती पण?"

"धातूचं काहीच चालत नाही आत."

"कवळी काढून वाचू कसा, बाई? सगळी कलमं बोबडी होतील."

"मेंदू बोबडा नसतो, काका."

जाड मिश्रधातूच्या भिंतींची ती खोली. मोठ्या अक्षरात छापलेले कागद, डोक्यावर कुप्यांची टोपी, नाकाडोळ्यांना झोंबणारी थंड हवा. आधी वार, तारीख, मुलांची नावं, मिळकतींची माहिती विचारून झाली. ती सगळी बरोबर आली. मग अण्णांनी अकरा कलमं वाचली. वाटणीची कलमं आली तेव्हा त्यांनी श्वास जरा धरला. सम्मेदपेक्षा सन्मतीवर आपला जीव जास्त आहे की काय, अशी शंका त्यांना अधूनमधून येई, ती इथं उघडी पडली तर बरं दिसणार नव्हतं. पण वाटणीला यंत्र ढिम्म राहिलं.

"दहा कलमं एकमत," बाहेर आल्यावर रेहाना म्हणाली. "तिसऱ्यात दुमत आहे."

"तिसऱ्यात?" अण्णांना कागद बघायची गरज नव्हती. तिसरं कलम म्हणजे, 'वर वर्णन केलेल्या मिळकती माझ्या स्वतंत्र मालकीच्या असून त्यांत माझ्याखेरीज अन्य कोणाचाही हक्क, हिस्सा वा हितसंबंध नाही.' "अहो, ते तर छापील वाक्य आहे. सगळ्यांच्या मृत्युपत्रात असतं ते. मी ते लिहीत नाही, माझा हात लिहितो."

"सगळ्यांचं तिथंच अडतं, काका. लोक वाटणीला भिऊन येतात आणि मालकीला अडखळतात. या वर्षीची माझी निम्मी दुमतं तिसऱ्या कलमाची आहेत."

अण्णांना राग आला. तो यंत्राचा होता, की सहाशे मृत्युपत्रांत ते वाक्य न वाचता लिहिल्याचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते म्हणाले, "फोडून वाचतो. एकेका मिळकतीचं वेगळं." ही दस्तलेखकाची युक्ती होती, हिशोब जुळेना की ओळी सुट्या करायच्या. पुन्हा टोपी घातली. घर माझ्या स्वतंत्र मालकीचं असून, एकमत. गाळा, एकमत. गट नंबर ४१२, दुमत. पुन्हा वाचलं, दुमत. तिसऱ्यांदा त्यांनी 'हिस्सा' या शब्दावर मुद्दाम जोर दिला, आणि लाट बरोबर तिथंच उठली.

"कारण मी विचारू शकत नाही," रेहाना म्हणाली. "नियम आहे."

"चांगला नियम आहे," अण्णा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी रानाची फाईल काढली. सातबारा स्वच्छ, फेरफार बिनचूक. सगळ्यात तळाला एक हक्कसोडपत्र होतं, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं. लिहून देणार राजमती, भूपालची थोरली बहीण. लिहून घेणार भूपाल. वडिलांच्या मागं राहिलेल्या चार एकरांतला आपला निम्मा हिस्सा राजमतीनं राजीखुशीनं, काही मोबदला न घेता, कायमचा सोडून दिलेला होता. खाली एक ओळ, अण्णांच्याच तरण्या हस्ताक्षरात: दस्त वाचून दाखविला, मजकूर समजला व मान्य आहे.

वाचून दाखवला नव्हता.

एवढं आठवलं, आणि मग बाकीचं आपसूक येत गेलं, दोरीला बादली यावी तसं. अक्का समडोळीहून एसटीनं आली होती, धाकट्या पोरीला कडेवर घेऊन. भूपाल नवा दस्तलेखक, त्या दिवशी त्याच्या टपरीपुढं आणखी दोन पक्षकार ताटकळलेले. तो म्हणाला होता, "अक्का, बँकेला एकच नाव लागतं. बागेचं कर्ज करायचंय. सही कर, बाग उभी राहिली की तुझं नाव परत लावू." निबंधकांनी मान वर न करता विचारलं, वाचून दाखवलं? समजलं? अक्कानं भावाकडं बघितलं आणि हो म्हणाली. जाताना तिला इरकली लुगडं, खण, नारळ दिला. बहिणीनं हक्क सोडला की साडीचोळी करायची, ही रीत. चार वर्षांत बाग उभी राहिली. अक्कानं कधी विचारलं नाही, म्हणून भूपालनं कधी सांगितलं नाही, आणि दोघांच्या मधे भाऊबीजेच्या अठ्ठेचाळीस दिवाळ्या निघून गेल्या.

"कायद्यानं आत्तीचा हक्क संपलाय ना?" सम्मेदनं विचारलं. तो पंचेचाळिशीचा, बोलायला थोडा आणि कामाला वाघ. बेदाण्याची शेड त्यानं स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली.

"संपलाय. रजिस्टर दस्त आहे. मीच लिहिलाय."

"मग?"

"यंत्र कायदा वाचत नाही, सम्मेद."

सम्मेदनं तळाचा कागद फाईलीत परत ठेवला. मग म्हणाला, "सांगलीत सराव वर्ग आहे. बरीच माणसं जातात."

वर्गाचं नाव होतं 'निःशंक'. त्याच्या मागचं शास्त्र साधं होतं. कुठलंही वाक्य पुन्हापुन्हा उच्चारलं, की मेंदू त्याच्यासाठी लाट उठवायचा कंटाळा करतो. नव्या घड्याळाची टिकटिक पहिल्या दिवशी झोपू देत नाही आणि आठव्या दिवशी ऐकू येत नाही, तसंच. माणसाला खरं बोलायला लावणारं यंत्र निघालं, आणि वर्षाच्या आत त्याच्या शेजारी हा धंदा उभा राहिला.

एका लांबट खोलीत वीसेक म्हातारी माणसं रांगेनं बसून आपापलं कलम घोकत होती. तीनशे वेळा, मग चहा, मग पुन्हा तीनशे. शब्द एकमेकांत मिसळून नुसता घरघराट उरला होता, पहाटे चार घरांतून जाती फिरावीत तसा. फक्त जात्यावरची बाई दळता दळता मनातलं बाहेर काढते. इथं बाहेरचं वाक्य मनात दळून भरायचं काम चाललं होतं. अण्णांच्या शेजारी मिरजेचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा आजचा नववा दिवस. त्यांचं कलम होतं, 'मला दोन मुलगे असून अन्य अपत्य नाही.'

चहाला उठल्यावर अण्णांनी सवयीनं विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

अण्णा थोडं थांबले. "आणि मुली?"

मास्तरांनी चहात चमचा फिरवला. ते विचार करत होते, प्रामाणिकपणे करत होते. कपाळावर आठी होती. मग ती आठी गेली. "मला वाटतं, नाहीत," ते म्हणाले. त्यांचे डोळे अगदी नितळ होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा सांगलीला गेले नाहीत. ते माडी चढून रेहानाकडं गेले आणि दारातच त्यांनी विचारलं, "बाई, घोकंपट्टी नाही केली तर ही लाट जाते का कधी?"

रेहानानं त्यांना बसायला सांगितलं. "हे मी सांगावं की नाही, कळत नाही. तुमच्या डॉक्टरांचा कागद मी पाहिलाय. ज्या आठवणीशी ते वाक्य अडखळतं, ती आठवणच गेली की लाट कशाला उठेल? तीन-चार महिन्यांनी तिसरं कलम आपोआप एकमत होईल. तोवर वार, तारीख, मुलांची नावं सांगता आली की झालं, मुद्रा मिळते. काही घरं मुद्दाम थांबून आणतात माणसाला."

"म्हणजे काहीच करायची गरज नाही."

"नाही, काका."

अण्णा जिना सावकाश उतरले. आयुष्यभर त्यांनी लोकांना सांगितलं होतं की मृत्युपत्राला उशीर करू नका. आता उशीर केला तरच ते निर्वेध होणार होतं. आज आपल्याला माहीत आहे. पावसाळा सरेपर्यंत माहीत नसेल. आणि माहीत नसलेला तो माणूस हसतमुखानं आत जाऊन सांगेल की अन्य कोणाचाही हिस्सा नाही, आणि तो खोटं बोलत नसेल. त्या माणसाच्या आधी पोचायला हवं होतं. त्यांनी समडोळीची एसटी धरली.

राजमतीअक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. ऐंशी वर्षं, पण दात सगळे तिचे स्वतःचे.

"आलास व्हय? भाऊबीज तर लांब आहे अजून."

"कामानं आलोय, अक्का."

"तेच म्हटलं. भूपाल्या बिनकामाचा कवा आलाय."

अण्णांनी सगळं सांगितलं. यंत्र, टोपी, तिसरं कलम, तळाचा कागद. ती हात न थांबवता ऐकत होती. टरफलांचा ढीग वाढत होता.

"म्हणजे तुझ्या डोसक्यात ते खटकतंय, हे तुला टोपी घातल्यावर कळलं."

"हो."

"मला बिनटोपीचं कळत होतं."

"मला वाटलं, तू विसरलीस."

"मी कशाला विसरू? माझ्या मागं काय तुझ्यासारखी रजिस्टरं होती? दर साली तुझ्याकडनं बेदाणा यायचा. पोरं म्हणायची, मामाचा बेदाणा. मी म्हणायची, खावा पोटभर, आपलाच हाय." ती हसली. "आईची एक ओवी होती, तिनंच रचलेली, तिच्या भावाच्या विहिरीवर.

बाप गेल्यावरी बाई, भाऊ माहेराचा धनी,
त्याच्या विहिरीचं पाणी, मागून का पितं कुणी?

आई म्हणायची आन् हसायची. मी हसायला लागले तवा मला तिचं हसणं कळलं."

अण्णांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे तिच्या सुपात टाकले. "अक्का, माफ केलं म्हण. एवढंच म्हण."

"म्हणते की. माफ केलं. जा, सांग जा तुझ्या यंत्राला."

अण्णा जागचे हलले नाहीत.

"बघ," अक्का म्हणाली. "तुलाच पटंना."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. अण्णांनी आणखी एक शेंग फोडली. मग अण्णा म्हणाले, "रान घेतीस का? निम्मं. विहिरीकडचं."

"ऐंशीव्या वर्षी रान घेऊन काय मी त्यावर नाचू?" तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच हात पदराला पुसले. "पण घेते. माझ्या पोरीच्या, विजीच्या नावावर जगात एक वीट न्हाई. नवऱ्यामागं दिरांनी तिला एका सुटकेसवर घराभायेर काढलं, तवापासनं माझ्यापाशी हाय. तिला देते. आन् विहिरीचं पाणी सम्मेदला द्यायचंच, त्याची बाग वाळवून मला काय करायचंय? तीन दिवस त्याचं, चार दिवस विजीचं. पण लिहून. तोंडी नको. तोंडी काय हुतं ते मी बघितलंय."

परतीच्या एसटीत अण्णांचं डोकं पूर्वीसारखं लख्ख चाललं होतं. मृत्युपत्रात अक्काला द्यायचं? मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, आणि चार महिन्यांनी ते बदलायला बसणारा माणूस भरवशाचा नव्हता. तिसऱ्या कलमात खरी हकीकत लिहायची? ती म्हणजे कारण लिहिणं झालं, त्यावर दहा वकील पोसले जातील. नाही. वाक्याला हात लावायचाच नाही. खालचं परिशिष्ट लहान करायचं. निम्मं रान आजच अक्काच्या नावे बक्षीसपत्रानं करून टाकायचं, आणि उरलेल्या मिळकतींबद्दल ते छापील वाक्य जसंच्या तसं वाचायचं. मग ते नुसतं छापील राहणार नव्हतं. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. इतकं नेटकं काम त्यांनी दुसऱ्या कुणासाठी केलं नव्हतं.

सम्मेदला कौतुक वाटलं नाही.

"विहीर तिकडं गेल्यावर बागेचं काय, अण्णा? बारा वर्षं मी खपतोय तिथं. शेडला जाणारी पाईपलाईन मी टाकलीय. माझं काय चुकलं?"

"तुझं काहीच चुकलं नाही."

"मग शिक्षा मला का?"

"कारण माझ्याकडं रान सोडून दुसरं काही नाही," अण्णा म्हणाले. "माझं चुकलेलं मी माझ्यातनं देतो म्हटलं तरी ते तुझ्या ताटातनं जातं. त्याला इलाज सापडला नाही मला. शोधला मी."

"आणि हे सगळं तुम्हाला आजारानं सुचतंय, असं मी कोर्टात म्हटलं तर?"

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. प्रश्न बरोबर होता. पक्षकारानं विचारला असता तर त्यांनी त्याला शाबासकी दिली असती. "म्हण. म्हणूनच बक्षीसपत्राचीसुद्धा मुद्रा घेतो."

त्यांनी घेतली. चार पानी बक्षीसपत्र टोपी घालून वाचलं. एकाही शब्दावर लाट उठली नाही. निबंधक कार्यालयात अक्का विजीचा हात धरून आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "हं, वाच." अण्णांनी वाचलं. चतुःसीमा वाचल्या, पाण्याची पाळी वाचली, झाडांची संख्या वाचली. मागं रांगेत माणसं चुळबुळत होती, एक जण म्हणालाही, "आजोबा, सगळं संगणकात आहे, सही करा की." अक्का वळून त्याला म्हणाली, "तुझी गाडी चुकत असली तर तू जा बाबा. माझी अठ्ठेचाळीस वर्षांनी आलीय." त्या दिवशी सम्मेद कार्यालयाबाहेर गाडीत बसून राहिला. आत आला नाही, गेलाही नाही. नंतर आत्तीला समडोळीला त्यानंच सोडलं. वाटेत दोघांत काय बोलणं झालं ते कुणी अण्णांना सांगितलं नाही.

मृत्युपत्राची तारीख अकरा दिवसांनी मिळाली. त्या अकरा दिवसांत दोनदा अण्णा बाजारातून रिक्षानं परत आले, कारण चालत यायची वाट कुठल्या गल्लीतून फुटते ते त्यांना सुचलं नव्हतं.

त्या सकाळी मात्र त्यांना बरं वाटत होतं. वार आला, तारीख आली, मुलांची नावं आली. मिळकती? घर, गाळा, रान. रेहानानं मान हलवली. टोपी बसली. पहिलं कलम झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याआधी मिळकतींचं परिशिष्ट वाचताना अण्णा थांबले.

गट नंबर ४१२ पैकी दक्षिणेकडील दोन एकर.

दोन? रान चार एकरांचं. वडिलांचं चार एकर, त्यातच विहीर. इथं विहीर उतरलीच नव्हती. ओळ राहिली होती. त्यांना लाज वाटली, मग संताप आला. दुसऱ्याच्या कागदात अशी ओळ सुटली असती तर त्यांनी तो कागद फाडून पुन्हा लिहायला लावला असता.

"बाई, थांबवा. परिशिष्ट चुकलंय."

रेहाना काही सुचवू शकत नव्हती, नियम होता. ती एवढंच म्हणाली, "बाहेर विचारून येता का, काका?"

अण्णा कागद घेऊन बाहेर आले. बाकावर सम्मेद बसला होता.

"सम्मेद, अरे, दोन एकर राहिलंय यात. विहीरच राहिलीय. कुणी टाईप केलं हे? चार कर बघू, मग पुढचं वाचतो."

सम्मेदनं कागद हातात घेतला. रेहाना दारात उभी होती. तिला कळत होतं, आणि सम्मेदलाही कळत होतं. आता चार लिहिलं तर अण्णा चार वाचतील, आणि यंत्र एकमत देईल. ते एकमत हाताशी धरून अकरा दिवसांपूर्वीचं बक्षीसपत्र उलटवायला, त्या दिवशी म्हाताऱ्याला आपण काय देतोय हेच उमगलं नव्हतं असं म्हणायला, सांगलीत वकिलांची कमी नव्हती. एक आकडा बदलायचा होता. बदलायला खुद्द अण्णा सांगत होते.

सम्मेदनं 'दोन' या शब्दावर बोट ठेवलं.

"राहिलेलं नाही, अण्णा. ते आत्तीचं आहे."

"अक्काचं?" अण्णांनी कपाळाला आठी घालून आठवून बघितलं. "कवापासनं?"

सम्मेदनं कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली आणि तो त्यांच्या हातात परत दिला.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली. अक्काचं असेल, तर आपल्या यादीत यायचं कारण नव्हतं. कागद बरोबरच होता. ते आत गेले, टोपी घालून घेतली आणि तिसरं कलम सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. पडद्यावरची रेघ कुठंच हलली नाही.